पानाची काटकसर आणि रानाचे पाणी

गेल्या वर्षी आमच्या शाळेतील विज्ञानाच्या शिक्षिका काही दिवस रजेवर होत्या आणि नववीचा एक तास आमच्या वाट्यास आला. आम्ही पडलो कलाशाखेचे पदवीधर. तेव्हा पाठ्यपुस्तक उघडून निवडुंगाचे चित्र दाखवावे, कोरड्या प्रदेशातील वनस्पती पाण्याची काटकसर कशी करतात ते वाचून समजावून द्यावे आणि तास निभावून न्यावा, एवढाच आमचा बेत होता. तो पुष्कळसा पारही पडला. परंतु उदगीरकडील एका खेड्यातून हैदराबादेस मामाकडे शिकावयास आलेला एक मुलगा शेवटी उठून म्हणाला, "सर, हवेत कार्बन डाय-ऑक्साइड वाढला की झाडांना पाणी कमी लागते, असे परवा वर्तमानपत्रात आले होते. मग आमच्या गावची विहीर का आटते?" वर्गास त्यात विनोद वाटला, आम्हांस वाटला नाही. त्या वेळी उत्तर देता आले नाही, हे येथे कबूल करावयास हरकत नाही. पुढे काही महिने सवडीने वाचन केले, जाणत्यांना विचारले, आणि जे हाती लागले ते शिक्षकबंधुभगिनींपुढे ठेवीत आहो. प्रश्न विज्ञानाचा खरा. पण त्याची गाठ 'काटकसर' ह्या एका शब्दात आहे असे आम्हांस दिसून आले, आणि शब्दांची गाठ सोडविणे हे ह्या पत्राच्या वाचकांस अपरिचित काम नव्हे.

प्रथम झाड पाणी का घालविते ते पाहू. मुळांनी ओढलेल्या पाण्यापैकी फार थोडे झाडाच्या अंगी लागते. बाकीचे पानांवाटे वाफ होऊन हवेत जाते. पानाच्या त्वचेवर नुसत्या डोळ्यांना न दिसणारी असंख्य छिद्रे असतात. त्यांना पर्णरंध्रे म्हणतात. झाड आपले अन्न बनविते ते हवेतील कार्बन डाय-ऑक्साइडपासून; जुन्या पाठ्यपुस्तकांत ह्यालाच कर्बद्विप्राणिल वायू म्हणत, आपण सोयीसाठी कर्बवायू म्हणू. तो आत घ्यावयाचा तर रंध्रांची दारे उघडावी लागतात, आणि दार उघडले की आतली ओल बाहेर पडते. हा सौदा झाडाला फार महाग पडतो. पानाच्या आतील पोकळ्या वाफेने पूर्ण भरलेल्या, बाहेरची हवा कोरडी. उलट बाहेरच्या हवेत कर्बवायू असतो तो किती, तर दहा हजारांत चार भागांहून किंचित अधिक. म्हणून कर्बवायूचा एक कण आत येतो तेव्हा पाण्याचे शेकडो कण बाहेर गेलेले असतात. अमुक पाणी घालवून झाडाने तमुक वाढ साधली, ह्या प्रमाणास शास्त्रज्ञ पाणी-वापराची कार्यक्षमता म्हणतात. पाठ्यपुस्तकातील काटकसर ती हीच.

हा हिशेब मांडण्याची खटपट जुनी आहे. इंग्लंडमध्ये जॉन वुडवर्ड ह्या गृहस्थाने पुदिन्याच्या जातीची रोपे निरनिराळ्या पाण्यांत वाढवून त्यांचे वजन केले आणि रोपाने शोषलेले पाणी त्याच्या वाढलेल्या वजनाच्या कितीतरी पट असते हे १६९९ मध्ये छापून प्रसिद्ध केले. पिकांचा पद्धतशीर हिशेब मात्र विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात झाला. अमेरिकेतील कोलोरॅडो संस्थानात अॅक्रन येथे ब्रिग्ज व शँट्झ ह्या दोघा संशोधकांनी मोठ्या कुंड्यांत पिके लावली, मातीतून वाफ निघू नये म्हणून कुंड्यांची तोंडे बंद केली आणि नित्य वजने घेतली. एक किलो वाळलेला पाला, ताटे, दाणे असे सर्व मिळून तयार होण्यास ज्वारीला तीनशे किलोंच्या थोडे वर पाणी लागले, गव्हाला पाचशेच्या वर आणि लसूणघासाला आठशेच्याही वर. त्या कोरड्या मुलखात मोजलेले हे आकडे दुसरीकडे जसेच्या तसे लागू पडत नाहीत. तथापि पिकापिकांतील क्रम पुष्कळसा तोच राहतो.

ज्वारी इतकी काटकसरी का, ह्याचा उलगडा होण्यास आणखी पन्नास वर्षे लागली. १९६६ मध्ये ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेन येथे हॅच व स्लॅक ह्यांनी उसावर प्रयोग करून दाखविले की काही वनस्पती कर्बवायू आत येताच तो एका वेगळ्या रासायनिक युक्तीने पकडून पानाच्या आतील पेशींत दाटीने साठवितात. त्यांना रंध्रे फार उघडावी लागत नाहीत. ज्वारी, बाजरी, मका आणि ऊस ही पिके ह्या गटातील. गहू, भात, तूर, हरभरा, कापूस ही साध्या रीतीने चालणारी. निवडुंग व घायपात ह्यांची तऱ्हा तिसरीच. ती दिवसा दारे लावून बसतात आणि रात्री, हवा थंड व त्यामानाने दमट असताना, उघडतात. दर कणामागे त्यांचा पाण्याचा खर्च सर्वांत कमी; वाढही अर्थात तशीच सावकाश.

ह्या यादीत उसाचे नाव पाहून वाचक थबकले असतील. आम्हीही थबकलो. मराठवाड्यातील पाण्याच्या प्रत्येक वादात ज्याच्याकडे बोट दाखविले जाते तो ऊस, वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने, ज्वारीच्याच पंक्तीतला काटकसरी आहे! ह्यात विरोध मुळीच नाही. दर किलोमागे ऊस पाणी कमी घालवितो, पण तो किलो फार पैदा करतो आणि वर्षभर, आडसाली असेल तर दीड वर्ष, शेतात उभा राहतो. रब्बीची ज्वारी चार महिन्यांत शेत मोकळे करते. दराने स्वस्त घेणारा मनुष्य दुकानातून निघताना सर्वांत मोठे बिल करून निघावा, तसे हे आहे. काटकसर आणि एकूण खर्च ह्या दोन वेगळ्या गोष्टी होत, ही गोष्ट आम्हांस प्रथम उसाने शिकविली; पुढे ती फार उपयोगी पडली.

आता त्या मुलाच्या वर्तमानपत्राकडे वळू. औद्योगिक युगापूर्वी हवेच्या दहा लक्ष भागांत कर्बवायूचे सुमारे २८० भाग होते. १९५८ मध्ये हवाई बेटांतील मौना लोआ पर्वतावर नियमित मोजणी सुरू झाली तेव्हा ते ३१५ च्या आसपास होते. आज ते ४२० च्या वर आहेत. बाहेर वायू दाट झाला म्हणजे तेवढीच भूक भागविण्यास दार थोडे किलकिले केले तरी पुरते. म्हणून पानाचा पाण्याचा खर्च कमी होतो. येथवर वर्तमानपत्राचे म्हणणे बरोबर आहे. परंतु हा लाभ सर्वांस सारखा नाही. गहू, तूर, हरभरा ह्यांना दुहेरी फायदा होतो, कारण त्यांची अन्न बनविण्याची गतीही वाढते. ज्वारीने कर्बवायू दाटीने साठविण्याची सोय आधीच केलेली असल्यामुळे तिला वाढीव वायूचे फारसे अप्रूप नाही. अमेरिकेतील अॅरिझोना संस्थानात मॅरिकोपा येथे १९९८ व १९९९ ह्या दोन हंगामांत उघड्या शेतात जादा कर्बवायू सोडून ज्वारी वाढविण्यात आली. जिला पाणी भरपूर दिले होते तिचा पाण्याचा खर्च सुमारे दशांशाने घटला, पण उत्पन्न काही वाढले नाही. जिला पाण्याचा ताण होता तिचे उत्पन्न मात्र वाढले. आणि पाण्याचा खर्च घटला नाही. कारण उघड आहे. तहानलेल्या पिकाने आज जे वाचविले ते जमिनीत शिल्लक राहिले आणि पुढच्या आठवड्यात त्यानेच ते पिऊन टाकले.

ह्या सौद्याला एक तिसरा पक्ष आहे, तो म्हणजे हवा. कर्बवायू वाढल्याने तापमान वाढते आणि उष्ण हवेची तहान मोठी असते. एका अंशाने तापमान चढले की हवेची वाफ सामावून घेण्याची शक्ती शेकडा सुमारे सातने वाढते. तीस अंशांच्या हवेपेक्षा चाळीस अंशांच्या हवेत ती दीडपटीहून अधिक असते. समुद्रावरून तेवढी जादा वाफ मिळत गेली तर ठीक. पण भूखंडाच्या आतल्या भागात ती मिळतेच असे नाही. मग हवेतील वाफेची तूट वाढते आणि त्याच अर्ध्या उघड्या दारातून पूर्वीपेक्षा अधिक पाणी ओढले जाते. कर्बवायू एका हाताने देतो आणि दुसऱ्या हाताने काढून घेतो. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अभ्यासाचा निष्कर्ष असा की पृथ्वीवरील एकूण वनस्पतींची पाणी-वापराची कार्यक्षमता २००१ पर्यंत वाढत होती, त्यानंतर ती जवळजवळ थबकली आहे, आणि ह्याचे कारण वाफेची वाढती तूट हे होय. ह्या विषयातील आकडे उपग्रहांवरून आणि गणिती प्रतिमानांवरून काढलेले असतात, तेव्हा त्यांत मतभेदास जागा आहे. परंतु दिशा पुरेशी स्पष्ट दिसते.

तरीसुद्धा 'विहीर का आटते' ह्याचे उत्तर अद्याप मिळत नाही. आमच्या मते ते ऑस्ट्रेलियात मिळते. तो खंड बव्हंशी कोरडा. त्याची पर्जन्यमापने व नद्यांच्या प्रवाहांची मोजणी चांगली आहे. म्हणून ह्या प्रश्नाची परीक्षा तेथे नीट होऊ शकली. रँडल डोनोह्यू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये असे दाखविले की १९८२ ते २०१० ह्या काळात जगातील उष्ण व कोरड्या प्रदेशांतील हिरवे आच्छादन, पावसातील फरकाचा परिणाम वजा केल्यावरही, सुमारे ११ टक्क्यांनी वाढले. कर्बवायूच्या वाढीवरून जेवढी अपेक्षा करावी जवळजवळ तेवढेच ते भरले. म्हणजे तेवढ्याच पावसात अधिक पाने! ही वार्ता तेव्हा जगभर आनंदाने छापली गेली. वर्तमानपत्रातील मजकुराचे मूळही बहुधा हेच असावे.

परंतु वाळवंटाच्या कडेला उगवलेले हे जादा पान काय पिऊन जगते, हा प्रश्न राहतोच. २०१६ मध्ये अॅना उक्कोला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑस्ट्रेलियातील नद्यांची पाणलोट क्षेत्रे तपासली. निमकोरड्या भागांत त्याच तीन दशकांत नद्यांचे प्रवाह २४ ते २८ टक्क्यांनी घटले होते, आणि पावसाचा हिशेब वेगळा काढल्यावरही ही घट उरत होती. एकेका पानाने पाणी वाचविले. त्या वाचलेल्या पाण्यावर शेजारी दुसरे पान आले. दोघांनी मिळून पूर्वी एकाने प्यायले त्याहून अधिक पाणी प्यायले. आणि ओढ्याच्या वाट्यास जे जात असे ते कमी झाले. अरण्यास शिल्लक ठेवण्याची सवय नाही. जिथे पाणी हीच उणीव असते तिथे पाण्याची बचत म्हणजे आणखी पाने, हा तेथला नियम होय. रान हिरवे दिसते, आणि त्याच रानाखालची विहीर खोल जाते. दोन्ही खरे असू शकते.

उदगीरच्या विहिरीचा आणि ऑस्ट्रेलियातील नदीचा संबंध आम्ही ओढूनताणून जोडीत नाही. उदगीरला विहीर आटते ती मुख्यतः उपशाने. विंधनविहिरींची खोली आणि बारमाही पिकांचे क्षेत्र ही तेथली ठळक कारणे होत. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेने लातुरास पाणी न्यावे लागले, त्याचा दोष पर्णरंध्रांवर टाकणे हास्यास्पद होईल. पण पानाची काटकसर विहिरीपर्यंत आपोआप पोहोचत नाही, एवढे ऑस्ट्रेलियाने निश्चित दाखविले आहे. त्या मुलाने पानाचा हिशेब विहिरीस लावला, येथेच त्याचा, आणि वर्तमानपत्राचाही, घोटाळा झाला.

आता दख्खनच्या काळ्या रानाकडे येऊ. येथे अरण्य नाही, शेतकरी आहे, आणि त्यामुळे गोष्ट बदलते. सोलापूर, विजापूर, रायचूर, उस्मानाबाद ह्या टापूत रब्बीची ज्वारी जवळजवळ सर्वस्वी जमिनीत मुरलेल्या ओलीवर येते. पावसाळ्याच्या अखेरीस वाफसा पाहून पेरायचे, आणि मग वरून थेंब पडो न पडो, भारी काळ्या जमिनीच्या पोटातील पाण्यावर चार महिने काढायचे. 'वाफसा' ह्या शब्दास इंग्रजीत नेमका प्रतिशब्द आम्हांस आढळला नाही: चिखल नाही, धूळ नाही, ओल आहे आणि मातीत हवाही खेळते आहे, अशी ती स्थिती. ज्या भाषेत हा शब्द आहे त्या भाषेच्या लोकांनी पाण्याचा हिशेब पुष्कळ पिढ्या केलेला आहे, असे म्हणावयास हरकत नसावी.

ह्या हिशेबास शास्त्राची जोड देण्याचे काम महाराष्ट्रात १९२३ मध्ये पुण्याजवळ मांजरी येथे डॉ. ताम्हाणे ह्यांनी आरंभिले. १९३३ पासूनच्या दोन-तीन वर्षांत सोलापूर, विजापूर, हगरी, रोहतक आणि त्या काळच्या निजामी हैदराबाद संस्थानातील रायचूर येथे कोरडवाहू शेतीची संशोधनकेंद्रे निघाली. सोलापूरचे एन. व्ही. कानिटकर ह्यांनी त्या अनुभवावर लिहिलेला इंग्रजी ग्रंथ १९४४ चा. त्या मंडळींनी सुचविलेल्या पद्धतीत बांधबंदिस्ती होती, खोल नांगरट होती, वरचेवर कोळपणी होती. पण आमच्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत लक्षणीय गोष्ट म्हणजे बियाणे कमी आणि ओळींतील अंतर अधिक. शेत विरळ ठेवायचे! अरण्य जे करीत नाही ते शेतकरी येथे जाणूनबुजून करतो. ओल आहे म्हणून तो पाने वाढू देत नाही. डिसेंबरात पाने माजली तर जानेवारीत दाणा भरताना जमीन रिकामी होईल हे त्यास ठाऊक असते. सोलापूर जिल्ह्यातील मोहोळ येथे मालदांडीतून निवडलेला एम ३५-१ हा वाण १९३० च्या दशकातील. एवढी संकरित वाणे आली तरी रब्बीच्या रानातून तो हटलेला नाही.

दुसरी गोष्ट कोळपणीची. 'एक कोळपणी म्हणजे अर्धे पाणी' असे आपल्याकडे म्हणतात. ह्यात अतिशयोक्ती असेल, पण मर्म अचूक आहे. शेतातून उडणारे सर्व पाणी पिकातून उडत नाही. पुष्कळसे उघड्या मातीतून आणि काळ्या जमिनीच्या भेगांतून परस्पर जाते. त्या पाण्याचा एक दाणाही होत नाही. तिसऱ्या कोळपणीला दातेरी कोळपे घालतात ते भेगा बुजाव्यात म्हणूनच. पानाच्या काटकसरीत कर्बवायूने पडणारा फरक आणि मातीतून फुकट जाणारे पाणी पिकाकडे वळविल्याने पडणारा फरक, ह्यांत दुसरा पुष्कळ मोठा आहे, असे आमचे मत झाले आहे. हैदराबादजवळ पाटणचेरू येथील आंतरराष्ट्रीय संस्थेत काळ्या जमिनीवर १९७६ पासून चाललेला प्रयोग ह्यास आधार देतो. एका तुकड्यात जुन्या रिवाजाप्रमाणे पावसाळ्यात रान पडीक ठेवून रब्बीत ज्वारी वा हरभरा. दुसऱ्यात रुंद वरंबे व सऱ्या काढून पावसाळ्यातच ज्वारी किंवा मका आणि तूर असे जोडपीक. पाऊस दोन्हीकडे तोच. पहिल्यात हेक्टरी सरासरी सुमारे एक टन धान्य निघाले, दुसऱ्यात सुमारे पाच टन. खते आणि बियाणे ह्यांतही फरक होता, म्हणून सर्व श्रेय पाण्यास देणे योग्य होणार नाही. आणि प्रयोगशेतावर जे होते ते कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याच्या शेतावर होतेच असेही नाही. तरी एकाच पावसाचे दोन हिशेब किती वेगळे निघू शकतात, हे त्यावरून दिसते.

ह्यापुढे अडचण आहे ती पाऊस पडण्याच्या रीतीची. मध्य भारतात विस्तृत प्रदेशावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ ह्या काळात सुमारे तिपटीने वाढल्या, असे रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखविले. आठ दिवसांचा पाऊस एका रात्रीत आला तर काळी जमीन तो पिऊ शकत नाही. फुगते, बंद होते आणि पाणी माती घेऊन उताराने निघून जाते. पंचांगातील बेरीज तेवढीच राहील, वाफसा मात्र राहणार नाही.

त्या तासानंतर आम्ही शाळेच्या गच्चीवर एक लहानसा प्रयोग मांडला. अॅक्रनच्या कुंड्यांची ती गरीब नक्कल होती. उदगीरहून आलेल्या मुलाने सुटीत गावाकडून काळी माती आणली. तीन डब्यांत ती भरली. एकात ज्वारी, एकात हरभरा, आणि दोन्हींची तोंडे रोपापुरते भोक ठेवून मेणकापडाने बांधली. तिसऱ्यात काहीच पेरले नाही आणि त्याचे तोंडही उघडे ठेवले. तो आमच्या म्हणण्यावरून नव्हे, माती उरली म्हणून. वाण्याकडून मागून आणलेल्या तागडीवर मुले रोज मधल्या सुटीत वजने घेत आणि फळ्यावर लिहीत. पहिला आठवडा सर्वांचे लक्ष ज्वारी जिंकते की हरभरा, इकडेच होते. मग एके दिवशी तो मुलगा वही घेऊन कार्यालयात आला. रिकाम्या डब्याचे वजन दोन्ही रोपांच्या डब्यांपेक्षा अधिक उतरले होते, आणि आतल्या मातीस बोट जाईल एवढी भेग पडली होती. "सर, ह्यात तर काहीच पेरले नव्हते," तो म्हणाला, आणि कोळपे आणू का, असे त्याने विचारले.